गरम दुधाचं माप

मागच्या वर्षी मी तुमच्याकडे आठ दिवस उशिरा पोचले. धाकट्याच्या ते लक्षातही नसेल, पण थोरलीच्या आहे. शाळेच्या नाटकात ती दीपगृह झाली होती आणि ते दीपगृह बघायला आजी नव्हती. मी फोनवर सांगितलं की तिकिटाचा घोळ झाला. घोळ काही झाला नव्हता. तिकीट मीच पुढे ढकललं होतं. कंपनीत सेक्रेटरी असताना साहेब कुठे आहेत याबद्दल मी फोनवर पुष्कळ खोटं बोलले, पण स्वतःच्या उशिराबद्दल कधी बोलले नव्हते. तेव्हा खरं कारण लिहून ठेवते. कारण म्हणजे एक माणूस आहे, आणि तो एका ओळीत सांगता येण्यासारखा नाही.

तुम्ही त्यांना पाहिलं आहे. मरोळच्या आपल्या बिल्डिंगमध्ये आपल्या बरोबर वरच्या घरात राहतात. थोरली पाच वर्षांची असताना दूध प्यायला कुरकुर करत होती, तेव्हा ते खिशातून काचेची नळी काढून तिच्या पेल्यात सोडून बसले होते. नळी तरंगली. त्यांनी वाकून आकडा वाचला आणि म्हणाले, "दूध चांगलं आहे. तक्रारीत दम नाही." तिने एका दमात पेला संपवला. तेव्हापासून तुम्ही दोघं त्यांना लॅक्टोमीटर आजोबा म्हणता.

लॅक्टोमीटर म्हणजे तीच नळी. खाली जड गोळा असतो, वर आकडे. दुधात ती किती बुडते त्यावरून पाणी किती घातलंय ते कळतं. आजोबांनी आरे कॉलनीतल्या सरकारी दुग्धशाळेत, प्रयोगशाळेत, उभी नोकरी केली. रोज पहाटेच्या बसने जंगलातून जायचे आणि दिवसभर दूध तपासायचे. वडील गिरणीत होते, गाव मालवणच्या बाजूचं. निवृत्त झाल्यावर बाकी सगळं दुग्धशाळेत ठेवून आले, नळी तेवढी घेऊन आले. मात्र ती सरकारी नव्हे, हे ते प्रत्येकाला सांगतात. ती त्यांनी स्वतः विकत घेतलेली आहे आणि पावतीही जपून ठेवली आहे.

दूध इतकं तपासलेला हा माणूस चहा मात्र कोरा पितो. मी एकदा विचारलं, "इतकी वर्षं दुधात काढलीत, मग दूध का नको?"

"मॅडम, तुम्ही ऑफिसातून घरी आल्यावर टाइपरायटर वाजवत होता का?"

ते मला मॅडम म्हणतात, कारण मला इंग्रजी येतं. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. वहिनी मला ताई म्हणतात आणि त्यांच्याबद्दलची सगळी गाऱ्हाणी मला मालवणीत सांगतात.

त्यांचा दुसरा व्यवसाय, फुकटचा, दर रविवारी सकाळी चाले. जिन्याखाली मीटरच्या पेट्यांजवळ घडीची खुर्ची टाकून ते बसत आणि लोक ग्राहक आयोगाच्या तक्रारी घेऊन येत. कोणाचा फ्रिज, कोणाची रद्द झालेली सहल, कोणाची ड्रायक्लीनिंगला देऊन आक्रसलेली पैठणी. वकील नव्हते, पण वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या मिक्सरची तक्रार स्वतः लढून जिंकले होते, तेव्हापासून हा नाद लागला. आलेल्या माणसाची सगळी कहाणी ते ऐकून घेत आणि मग एकच प्रश्न विचारत.

"पाणी किती?"

म्हणजे यात तुझी स्वतःची चूक किती. माणूस म्हणे, माझी काहीच नाही. मग हे खुर्चीची घडी घालू लागत. "निव्वळ दूध गाय पण देत नाही. तिच्या दुधात तिचं स्वतःचं पाणी असतंच. तू घरी जा आणि मोजून ये."

एक बाई आल्या होत्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत मधली वीस मिनिटं भलत्याच कोणाच्या लग्नाची होती. पाणी किती, असं विचारल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "दोन वर्षं होत आली, आम्ही तो व्हिडिओ उघडलाच नव्हता हो. जावई भांडून गेले, तेव्हा म्हटलं बघू तरी." आजोबांनी बोटांवर हिशेब केला. तक्रारीची मुदत दोन वर्षांची, संपायला चौदा दिवस उरलेले. म्हणाले, "होईल. सात दिवस थंड होऊ दे, सात दिवसांत लिहू."

हे थंड होणं त्यांच्या सगळ्या कारभाराचा पाया. नव्या तक्रारदाराला ते कागद परत देत. सात दिवसांनी ये, तेव्हाही राग असेल तर लिहू. अर्धे लोक परत येतच नसत. मी एकदा म्हटलं, हे काय खूळ. तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं, एका भांड्यात गार दूध, दुसऱ्यात तेच दूध तापवून, आणि दोन्हींत नळी सोडली. तापलेल्या दुधात ती खोल गेली.

"दूध एकच ना? गरम असताना मोजलंत तर चांगलं दूधसुद्धा पाणी घातलेलं दिसतं. नव्या पोरांनी त्यापायी कित्येक गरीब गवळ्यांचे कॅन ओतून दिलेत. कागदाचं तसंच. गरम कागद वाचायचा नाही."

आयोगाकडून स्वतःच्या नावे आलेलं पाकीटसुद्धा ते सात दिवस उघडत नसत. घरात ठेवण्याची सोय नव्हती, कारण वहिनी ते उजेडासमोर धरून वाचायच्या. म्हणून पाकिटं माझ्याकडे येत. माझ्या लोखंडी कपाटात मी त्यासाठी फाइल केली होती आणि तिच्यावर लेबल लावलं होतं, "थंड". तुम्ही हसता माझ्या लेबलांना. पुढचं वाचा.

तक्रारी इंग्रजीत टाइप करायचं काम माझं. आमची भांडणं त्यावरून होत. मी कंपनीतली, मला भारदस्त भाषेची सवय. मी लिही की तक्रारदाराला अपरिमित मानसिक यातना झाल्या. ते अर्थ विचारत आणि म्हणत, "अपरिमित म्हणजे मोजल्या नाहीत. मग काढा. झोप किती रात्री लागली नाही ते विचारा आणि तेवढंच लिहा." माझ्या इंग्रजीतली निम्मी विशेषणं त्या माणसाने खाल्ली. पुढे पुढे माझी पत्रंसुद्धा रोडावली, हे तुमच्या बाबाच्या लक्षात आलं होतं.

आता वहिनींच्या डोळ्याचं सांगते.

वहिनींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एका लहानशा क्लिनिकमध्ये झालं. ते क्लिनिक आता बंद झालंय. घरी आल्यावर दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे होते. आजोबांनी कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता आखला. प्रत्येक थेंबाची वेळ, थेंब कोणत्या हाताने, डोळा किती लाल. प्रयोगशाळेत दुधाच्या नमुन्याची नोंद ठेवायचे तशी. पाचव्या दिवशी डोळा दुखू लागला. ते वहिनींना रिक्षात घालून क्लिनिकला घेऊन गेले. डॉक्टर नव्हते. सव्वा तास बसवलं, मग काउंटरवरच्या मुलीने डोळ्यावर बांधायची पट्टी विकत दिली आणि सांगितलं, होतं असं, थेंब चालू ठेवा. तीन दिवसांनी डोळ्यात पू झाला. डोळा गेला.

क्लिनिक म्हणालं, पाचव्या दिवशी हे आलेच नव्हते, आमच्या रजिस्टरात नोंद नाही, घरी थेंब नीट घातले नसणार. वहिनींच्या नावाने तक्रार दाखल झाली, त्यांच्या वतीने आजोबाच उभे राहत. बाकीच्यांच्या तक्रारीत पाणी विचारणारा हा माणूस, त्याने स्वतःचं पाणीही तक्त्यात लिहून ठेवलेलं होतं. पाचव्या दिवसापुढे अशी नोंद होती: "दुपारी चार. वीस मिनिटं उशीर. बाकावर. माझी चूक."

मी म्हटलं होतं, "हे कशाला दाखवायचं? आठ दिवसांत एक थेंब."

"मग तक्ता कशाला म्हणायचं त्याला? जाहिरात म्हणा."

निकालाचं पाकीट आलं ते मी तुमच्याकडे यायला निघाले त्याच्या तीन दिवस आधी. ते घेऊन आले, मी सवयीने "थंड" फाइलमध्ये लावलं, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि दोन महिन्यांसाठी विमानात बसले. त्या उन्हाळ्यात तुम्ही मला पोहायला शिकवलंत, निदान पाण्यात उभं राहायला. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

त्यांनी तिकडे फोन केला होता, दोनदा. आठवतं का? धाकट्याने त्यांना सांगितलं की इकडे दूध पांढऱ्या मोठ्या कॅनमध्ये मिळतं. त्यांनी विचारलं, नळी सोडून बघितलीस का? तुम्ही दोघं इतके हसलात की मला फोन दिलात तेव्हा तुमचंच हसणं मागे चाललं होतं. मी म्हटलं, "काय हो, सगळं ठीक?" ते म्हणाले, "ठीक. तुमचं चालू द्या." दोन्ही वेळा एवढंच.

मी परत आले. तिसऱ्या दिवशी ते दारात. "जरा ते पाकीट. आता झालं असेल थंड."

मी कपाट उघडलं आणि तारखा बघितल्या. जिल्हा आयोगाच्या निकालावर राज्य आयोगाकडे अपील करायची मुदत पंचेचाळीस दिवसांची. ती केव्हाच उलटली होती. पाकीट त्यांनी उघडलं आणि मला वाचायला दिलं. तक्रार फेटाळली होती. मी भाषांतर करत गेले आणि एका वाक्यापाशी थांबले. ते म्हणाले, "वाचा. मोजून वाचा." मी वाचलं: रुग्णाच्या पतीने औषध वेळेवर न घातल्याचं स्वतःच कबूल केलं आहे, डोळ्याला झालेल्या इजेचं कारण ही घरची हयगय असणं संभवतं.

त्यांनी हातातली कप-बशी खाली ठेवली आणि उजवा हात मांडीखाली घेऊन बसले, लहान मूल बसतं तसे.

त्या दिवसापासून त्यांनी वहिनींच्या डोळ्यांना हात लावणं बंद केलं. उरलेल्या डाव्या डोळ्यात दाब वाढू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब घालावे लागतात. ते चुकून चालत नाही, तो डोळा गेला तर वहिनी आंधळ्या. इतके दिवस ते थेंब हेच घालत. आता सकाळी साडेआठला माझी बेल वाजू लागली. "मॅडम, जरा येता?" मी वर जाई, थेंब घाली, ते खिडकीकडे तोंड करून उभे असत. वहिनींचे हात संधिवाताने वाकडे, स्वतः घालायला गेल्या की थेंब गालावर.

वहिनी एक दिवस थेंब डोळ्यात असतानाच, छताकडे बघत बोलल्या. "ताई, ह्यांका सांगा. डोळो माझो, हात ह्यांचो. रोज माझ्या तोंडावर ह्यांचो श्वास येय. उशीर झालो की नाय झालो, ता माका ठाऊक. पण माका कोणी इचारूकच नाय."

खिडकीतून उत्तर आलं, "आयोग कागद विचारतो. तुझा श्वास कुठे दाखल करू?"

अपील करायचं होतं, पण त्याआधी उशीर माफ व्हायला हवा होता. तसा अर्ज द्यावा लागतो आणि त्यात उशिराचा दिवसन् दिवस समजावून सांगावा लागतो. राज्य आयोगाच्या खिडकीवरचा कारकून सज्जन होता. म्हणाला, "काका, आजारपणाचं सर्टिफिकेट जोडा. सगळे जोडतात." हे म्हणाले, "मी आजारी नव्हतो." कारकून म्हणाला, "आता व्हा."

मी लॅपटॉप उघडून बसले. ते सांगू लागले. "पहिले सात दिवस. पाकीट थंड होत होतं."

"हे असंच लिहायचं?"

"मग काय होत होतं?"

"पुढे?"

"पुढचे सगळे दिवस. पाकीट शेजारच्या कपाटात होतं. उघडायचं माझ्याच्याने झालं नाही."

"शेजारच्या नव्हे, माझ्या. आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती. ते लिहा."

"ते नाही लिहायचं. कपाट तुमचं, सवय माझी."

आमचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण त्या टेबलावर झालं. वहिनींनी खाली येऊन घंटी वाजवली आणि विचारलं, कोण मेलं का. शेवटी त्यांनी सांगितलं तसं त्यांचं प्रतिज्ञापत्र मी टाइप केलं आणि त्यांना न विचारता माझं वेगळं केलं. मी, अमुक अमुक, शपथेवर सांगते की पाकीट माझ्या कपाटात होतं, किल्ली माझ्याकडे होती आणि ते विसरून मी नातवंडांकडे गेले. एकही विशेषण नव्हतं. सुनावणीच्या दिवशी दक्षिण मुंबईतल्या त्या उंच छताच्या दालनाबाहेर त्यांच्या हातात ठेवलं. वाचून त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, तुम्ही माझ्या दुधात पाणी घातलंत."

"नाही. माझं पाणी मी वेगळ्या भांड्यात दिलंय."

आत दोन सदस्य बसले होते, एक बाई आणि एक गृहस्थ. बाईंनी दोन्ही कागद वाचले आणि चष्म्यावरून बघितलं. "आजोबा, हे पाकीट थंड होणं म्हणजे काय?" यांनी नळीचं सांगितलं. क्लिनिकचा वकील हसला. बाई हसल्या नाहीत. "मान्य. सात दिवस थंड झालं. मग यांना फोन का केला नाहीत? कपाटाचं कुलूप तोडायला सांगायचं."

"दोनदा केला, मॅडम."

"मग?"

"मागे पोरं हसत होती. यांची नातवंडं. वर्षा-दोन वर्षांनी भेटतात. पाकिटाचं सांगितलं असतं तर यांनी तिकीट बदललं असतं. या तशाच आहेत. म्हणून दूध कसं आहे ते विचारलं आणि ठेवला."

मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी उभी होते, आणि मला ते तिथे, परक्या लोकांसमोर कळलं.

बाई काही लिहीत होत्या. हे थांबले असते तर बरं. पण ते पुढे म्हणाले, "हे अर्धंच झालं. दुसरंही कारण आहे, ते कागदात लिहायचं राहिलं. मला खात्री होती की आम्ही जिंकलोय. जिंकलेल्याला मुदत कसली? दुसरी प्रत मागता आली असती, मोबाइलवर पण निकाल दिसतो म्हणतात. मी गेलो नाही. हे माझं पाणी."

क्लिनिकच्या वकिलाने लगेच ते टिपून घेतलं. मी डोळे मिटले. उशीर मात्र माफ झाला आणि अपील दाखल झालं. बाहेर आल्यावर चर्चगेटपर्यंत आम्ही टॅक्सीत दोन टोकांना बसून आलो.

अपील उभं राहायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मी तुमच्याकडे आले नाही. तुम्ही विचारत होता, आणि मी गुडघ्याचं कारण सांगत होते. गुडघा दुखत होता, ते खरं, पण तेवढंच नव्हतं. सकाळ-संध्याकाळचे थेंब होते. एका नर्सबाईंना लावून बघितलं, पण वहिनींना त्यांच्या हाताची भीती वाटे, त्या डोळा घट्ट मिटून घेत. आजोबांचे रविवारही बंद झाले. लोक येत, घडीची खुर्ची जिन्याखाली मिटलेलीच असे. कोणी आग्रह केला तर म्हणत, "मी हयगय करणारा माणूस. तसं छापून आलंय."

शेवटच्या सुनावणीला वहिनी हट्टाने आल्या. निळी नऊवार, काळा चष्मा, माझा दंड धरून. सदस्य त्याच बाई होत्या. क्लिनिकच्या वकिलाने कॅलेंडरचा तक्ता वर धरला आणि वाचला, "वीस मिनिटं उशीर. माझी चूक." म्हणाला, याहून स्पष्ट कबुली काय हवी.

बाईंनी तक्ता मागून घेतला. "मधला एक शब्द तुम्ही सोडलात. बाकावर. कुठल्या बाकावर?"

हे तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी उठल्या. "क्लिनिकच्या, बाईनू. हिरव्या बाकड्यावर. त्याचो एक पाय डुगडुगत होतो. थेंबाची वेळ झाली, तर हे म्हणाले, हयच घालतंय. मी म्हटलंय, लोकांसमोर नको, मेल्याहून मेल्यासारखा होता. त्येच्यात वीस मिनटा गेली. चूक ह्यांची नाय. चूक माझी."

आजोबा वहिनींकडे बघत राहिले. त्यांनी वीस मिनिटं स्वतःच्या नावावर लिहिली होती, पण बायकोला लाज वाटली हे कुठेच लिहिलं नव्हतं.

बाईंनी फाइल उलटी-सुलटी केली. क्लिनिकच्या काउंटरवरून घेतलेल्या पट्टीची पावती, त्याच पाचव्या दिवसाची, पहिल्यापासून फायलीत होती. शेवटून दुसरं पान. पंच केलेलं, क्रमांक घातलेलं. ते क्रमांक मीच घातले होते.

निकाल राखून ठेवला गेला. पाकीट आलं ते मी तुमच्याकडे यायचं तिकीट होतं त्याच दिवशी. इतक्या वर्षांनी मी तिकीट काढलं होतं, मोठ्या मुश्किलीने, वहिनींनी ढकलून. म्हणाल्या, काय व्हायचं ते होवो, जा पोरांकडे. आणि आजोबा पाकीट घेऊन माझ्या दारात उभे. देईनात, घरातही नेईनात.

मी म्हटलं, "आत्ता उघडा. एकदा गरम वाचलं तर काही होत नाही."

"तुम्ही जा, मॅडम. माझ्याकडे ठेवतो. सात दिवसांनी दुसऱ्या कोणाकडून वाचून घेईन."

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. पाकीट डाव्या हातात होतं. उजवा हात अजून मागेच.

मी पाकीट घेतलं, "थंड" फाइलमध्ये लावलं, कुलूप घातलं आणि या खेपेला किल्ली त्यांच्या हातात दिली. मग तुमच्या बाबाला फोन केला की तिकिटाचा घोळ झाला. हेच ते खोटं.

सात दिवस मी दोन वेळा वर जाऊन थेंब घातले. तिसऱ्या दिवशी वहिनींनी विचारलं, "उजेडासमोर धरून बघूया काय गे?" मी म्हटलं, किल्ली तुमच्या नवऱ्याकडे आहे. "ती ह्यांच्या कमरेक हा," त्या म्हणाल्या. "निजतानासुद्धा सोडत नाय."

सातव्या दिवशी, चारच्या चहाला, ते दोघं खाली आले. कोरा चहा झाला. त्यांनी कपाट उघडलं, पाकीट फाडलं, मला दिलं. मी सावकाश वाचत गेले. अपील मंजूर होतं. क्लिनिकच्या सेवेत कमतरता होती. मग मी तो परिच्छेद वाचला आणि त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग वहिनींनी मराठीत पुन्हा एकदा. त्यात लिहिलं होतं की उशीर कबूल केला म्हणून पतीला हयगयीचा दोष देणं चूक आहे. त्या वेळी पती-पत्नी क्लिनिकच्याच बाकावर बसून होते. आणि ज्या माणसाने स्वतःच्या अपिलाच्या उशिराबद्दलही स्वतःविरुद्ध जाणारी गोष्ट लपवली नाही, त्याच्या तक्त्यावर अविश्वास ठेवायला कारण दिसत नाही. जिल्हा आयोगाचा तो शेरा काढून टाकण्यात येत आहे.

तुमच्या दुधाच्या फोनाबद्दल निकालात काही नव्हतं. पण तोही त्या कागदात कुठेतरी आहे, असं मला वाटतं.

आजोबांनी विचारलं, "विशेषण आहे का कुठे?"

मी पुन्हा बघितलं. "एकही नाही."

"चांगला निकाल आहे," ते म्हणाले, आणि चहा घेऊन वर गेले.

हे सात दिवस झाले. आठवा दिवस माझ्यासाठी. विमान रात्रीचं होतं. सकाळी साडेआठला बेल वाजेल म्हणून मी तयार बसले. पावणेनऊ झाले, वाजली नाही. थेंब चुकून चालत नाही, म्हणून मी जिना चढून वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत मान मागे टाकून बसल्या होत्या. हे त्यांच्यावर वाकलेले, उजव्या हातात बाटली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी पापणी वर धरलेली. वहिनींचे दोन्ही वाकडे हात त्यांच्या मनगटाखाली होते, नळी तरंगायला भांडं धरावं तसे.

"घालतंय हा," ते म्हणाले.

"घाला. कोण बघणा नाय," वहिनी म्हणाल्या.

मी दारातच थांबले. थेंब बरोबर डोळ्यात पडला. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, भिंतीवरचं कॅलेंडर उलटं केलं, पेन्सिल घेतली, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं.

"सकाळी साडेआठ. पंधरा मिनिटं उशीर. माझी चूक."